उरलं आहे ते कुणासाठी?

(यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत धंतोली, नागपूर येथे दिलेलं व्याख्यान)



आजारपण आलं, जवळचं माणूस गेलं, आयुष्याची घडी विस्कटली, तर त्यानंतरचं जगणं सार्थ कसं करायचं, हा आजचा विषय आहे. तो धंतोलीत मांडायचा म्हणजे तोलून बोलावं लागतं. या वस्तीत पावलोपावली दवाखाने आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटहून माणसं इथे येतात. हातात रिपोर्टांची पिशवी असते आणि पुष्कळदा पेशंटपेक्षा सोबत आलेल्याचाच चेहरा जास्त उतरलेला असतो. आपण इथे बसलो आहोत तेव्हाही जवळच कुणीतरी आयसीयूच्या दाराशी बसलेलं आहे. त्या माणसाला ऐकवता येणार नाही असं एकही वाक्य इथून बोलायचं नाही, हे बंधन मी स्वतःला घालून घेतलं आहे.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला करतो. दुःखाचे आभार माना, आजार हा देवाचा प्रसाद समजा, असं मी सांगणार नाही. कॅन्सरला प्रसाद म्हणवत नाही. तरुण मुलगा गेलेल्या आईला ‘यातून काहीतरी शिकायला मिळतं’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. कृतज्ञ राहायचं ते दुःखात पुढे आलेल्या हातांशी. आणि दुःखाने माणूस आपोआप मोठा होतो, हेही खरं नाही. दुःखाने कडवट झालेली, आतल्या आत मिटून गेलेली माणसं आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

‘हे माझ्याच वाट्याला का आलं?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि पडणारच. त्याचं उत्तर मात्र कुणालाच मिळालेलं नाही. काही माणसं त्या प्रश्नापाशी थांबून पुढे दुसऱ्या प्रश्नाकडे गेली: आता जे उरलं आहे, ते कुणासाठी? या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते देणारी माणसं शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

पहिलं उदाहरण याच शहरातलं. कमलाताई होस्पेटांचं नाव नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. त्यांचा जन्म १८९६चा. कोवळ्या वयात त्यांना वैधव्य आलं. त्या काळी विधवेचं जग माजघरापुरतं उरायचं. शुभकार्यात तिची सावली नको असायची. कमलाताईंनी परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, बाज, निखाऱ्यांची शेगडी आणि शिक्षण नसलेले हात, अशी घरोघरची स्थिती होती. अस्वच्छतेमुळे बाळंतिणीला ताप भरायचा आणि त्यात बाई हातची जायची. अशा काळात बाईला स्वच्छ खोली, उकळलेली साधनं आणि मायेची माणसं मिळावीत म्हणून हे प्रसूतिगृह निघालं.

यातली मोठी गोष्ट लक्षात घ्या. ज्या बाईला रूढीने ओटीभरणाला, बारशाला पुढे येऊ दिलं नसतं, तिच्याच हातांनी नागपुरातली बाळं जगात आली. कमलाताईंचं गेलेलं आयुष्य त्यांना परत मिळालं नाही. उरलेलं आयुष्य मात्र त्यांनी दुसऱ्या बायांच्या गरजेशी बांधलं. पुढे मातृसेवा संघाने समाजकार्याचं शिक्षण, मतिमंद मुलांची शाळा, वृद्धाश्रम अशी कामं उभी केली. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. १९८१ मध्ये त्या गेल्या, पण संस्थेचं काम पुढे चालू राहिलं.

आता आपल्या काळातलं उदाहरण घेऊ. सिकलसेल हा शब्द विदर्भात खेड्यापाड्यांत माहीत आहे. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनमधल्या दोषामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा उठतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणूस स्वतः बहुधा धडधाकट असतो, त्यामुळे घरात पहिलं मूल विव्हळेपर्यंत पुष्कळांना काहीच ठाऊक नसतं.

नागपूरच्या संपत रामटेके यांच्या मुलाला हा आजार होता. कळ उठली की बापाने मुलाचे पाय चेपत रात्र काढायची, याखेरीज बापाच्या हाती काय असतं? रामटेके त्या रात्रींपाशी थांबले नाहीत. आपल्यासारखी किती घरं असतील, हे त्यांनी शोधायला घेतलं. सिकलसेल सोसायटीच्या रूपाने त्यांनी रुग्णांचे पालक एकत्र आणले, तपासणीचा आणि जागृतीचा आग्रह धरला, रुग्णांच्या हक्कांसाठी सरकारदरबारी पाठपुरावा केला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. २०१८ साली रामटेकेंना पद्मश्री जाहीर झाली, आणि २०२३च्या जुलैत देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. एका घरातली वेदना सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडली गेली, म्हणून हजारो घरांना तिचं नाव कळलं. ज्या आजाराला नाव नसतं, त्यासाठी लोक कधी देवाला, कधी सुनेला बोल लावतात. नाव कळणं हाही एक आधार असतो.

बदलाबद्दल बोलताना मला याच नागपूरच्या एका मुलीची आठवण करून द्यावीशी वाटते. घुले शास्त्र्यांच्या घरातली इंदू. घर संस्कृत पंडितांचं, सोवळ्याओवळ्याचं. एका लग्नघरी सगळे समारंभात असताना ही मुलगी आत धुणं धुणाऱ्या म्हाताऱ्या मोलकरणीच्या मदतीला गेली. ते पाहून मुरलीधर आमटे नावाच्या वकिलाने तिला मागणी घातली, असं सांगतात. डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झालं आणि इंदूची साधना झाली. काही वर्षांतच नवऱ्याने चांगली वकिली सोडली, आणि दोन लहान मुलांना घेऊन ती वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर कुष्ठरुग्णांच्या सोबतीला राहायला गेली. विंचू-सापांचं रान होतं, पाण्याची टंचाई होती, आणि नातेवाइकांना वाटणारी भीती होती ती वेगळीच. हा बदल साधनाताईंनी स्वतः मागितला नव्हता. तो स्वीकारताना त्यांनी आपली देवपूजाही सोडली नाही आणि पंगतीतलं कुणाचं पानही वेगळं मांडलं नाही. ‘समिधा’ हे त्यांचं आत्मकथन ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. सेवेच्या इतिहासात स्वयंपाकघराची पानं फार क्वचित लिहिली जातात.

ते वकील म्हणजेच बाबा आमटे, आणि त्यांची कथा आपल्याला ठाऊक आहे: पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण, बोटं झडलेला, जखमांत किडे पडलेला, त्याला पाहून बाबा घाबरून पळाले, आणि त्या भीतीची लाज वाटून परत आले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते वरोऱ्याच्या त्या माळावरच्या आनंदवनाचं उद्घाटन झालं तेव्हा सहा कुष्ठरुग्ण होते आणि हातात चौदा रुपये होते. पुढे बाबांच्या मणक्याचा विकार इतका वाढला की बसणंच अशक्य झालं. उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. तिसरी सोय शरीराने ठेवली नाही.

या अवस्थेत त्यांनी काय केलं? शस्त्रक्रिया करून घेतल्या, पट्टा लावला, शरीराची मर्यादा मान्य केली आणि कामाची रीत बदलली. १९८५च्या डिसेंबरात, वयाच्या सत्तरीनंतर, सायकलवरच्या तरुणांना घेऊन ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. मुलं सायकलवर, आणि हे गाडीतल्या बिछान्यावर. १९९० मध्ये ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. शेवटी रक्ताच्या कॅन्सरने ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते आनंदवनात गेले. आजारी माणसाच्या हेतूबद्दल मला यातून एक व्यवहाराची गोष्ट कळते: हेतू कायम ठेवून रीत बदलता येते. शिक्षकाला शाळेत जाता येत नसेल, पण खाटेजवळ बसलेल्या एका मुलाला गणित समजावता येतं. रीत लहान झाली म्हणून हेतू लहान होत नाही.

पण आनंदवनाची सगळ्यात मोलाची शिकवण मला दुसरीच वाटते. तिथे आलेली माणसं रोगातून बरी झाली होती किंवा होत होती. डॅप्सोन हे औषध उपलब्ध झालं होतं. औषधाने जंतू मरत होते, पण घर त्यांना परत घेत नव्हतं. बाबांची धारणा अशी की भिक्षेने हा माणूस आणखी खचेल, कामाने उभा राहील. त्या माणसांनी बोटं नसलेल्या हातांनी विहिरी खणल्या, भाजी पिकवली. सुरुवातीला वरोऱ्यात ती भाजी घ्यायला लोक कचरत. त्याच वरोऱ्याच्या मुलांसाठी १९६४ साली आनंदवनाने महाविद्यालय काढलं. ज्या गावाने त्यांची भाजी नाकारली होती, त्या गावाला त्यांनी शिक्षण दिलं.

श्रोतेहो, मला आज जे सांगायचं आहे ते इथे आहे. आजारी, दुःखी माणसाला आपण फक्त घेणारा करून टाकतो. ‘तुम्ही काही करू नका, नुसते पडून राहा.’ हे प्रेमाने म्हटलं जातं, हे मला मान्य आहे. पण घरातल्या हिशेबाची वही काढून घेतली, भाजी निवडायचं ताट काढून घेतलं, नातवाचे पाढे काढून घेतले, निर्णय विचारणं बंद केलं, की त्या माणसाला आपण जिवंतपणीच जगण्याबाहेर बसवलं. सतत घेत राहणं फार जड असतं. माणसाची कृतज्ञतासुद्धा त्या ओझ्याखाली चिरडली जाते आणि तिच्या जागी लाज येते, ‘मी तुमच्यावर भार झालो’ हे वाक्य येतं. ज्याला थोडंतरी देता येतं, त्यालाच मोकळ्या मनाने घेता येतं.

म्हणून कृतज्ञतेबद्दल मी असं म्हणेन की ती माणसांच्या नावासकट असावी. ऑपरेशन झालं की डॉक्टरांना आपण पेढे देतो, ते योग्यच आहे. रात्री बेडपॅन बदलणारी आया, स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय, ज्याचं नावही कळलं नाही असा रक्तदाता, पहाटे डबा आणून देणारी शेजारीण, यांची नावं लिहून ठेवा. शक्य असेल त्यांना सांगा. ज्याला सांगता येत नाही, त्याचं ऋण तिसऱ्याच माणसाकडे फेडा.

असं ऋण फेडायची एक वाट म्हणजे परगावी आजारपण काढणाऱ्याला आधार देणं, आणि ती गरज गाडगेबाबांनी फार आधी ओळखली होती. अमरावती जिल्ह्यातला हा खराटेवाला साधू. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या गोरगरीब कॅन्सर रुग्णांना आणि नातेवाइकांना निवारा देते. दूरच्या शहरात आजारपण काढणाऱ्याला औषधाइतकीच पाठ टेकायला जागा लागते, स्वस्तात पोटभर जेवण लागतं, हे त्या अक्षरशत्रू माणसाला कळलं होतं. धंतोलीत आपण रोज ये-जा करतो. इथल्या रस्त्यांवरची गर्दी, गाड्यांची दाटी यांचा आपल्याला त्रास होतो आणि ती तक्रार खरी आहे. पण त्या गर्दीतला बाहेरगावचा माणूस कुठे जेवला, कुठे झोपला, हेही कधी विचारायला हवं.

थोडं सावधपणे एक गोष्ट सांगतो. प्रत्येकाला लगेच उभं राहता येत नाही. शोकाला त्याचा वेळ लागतो. तेराव्याला तो संपत नाही. आणि कित्येक आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणंच नकोसं वाटतं, अशी अवस्था असेल तर तो मनाचा दुबळेपणा समजू नका, तो उपचाराचा विषय आहे. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, किंवा टेलिमानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावं. हेतू शोधायलाही आधी थोडी शक्ती परत यावी लागते. आणि आजाऱ्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाकडे, म्हणजे बहुतेक घरांत बाईकडे, लक्ष द्या. आठवड्यातली एक संध्याकाळ तुम्ही तिच्या जागी बसा. तिने त्या वेळात देवळात जावं, बहिणीकडे जावं किंवा नुसतं झोपावं.

कमलाताई, रामटेके, साधनाताई, बाबा यांच्याइतकं मोठं काम आपल्या हातून होईलच असं नाही. तसं व्हावं अशी अपेक्षाही मी ठेवत नाही. पण त्यांनी विचारलेला ‘उरलं आहे ते कुणासाठी?’ हा प्रश्न आपल्या घरातही विचारता येतो आणि त्याला आपल्या ऐपतीएवढं उत्तर देता येतं. तेव्हा माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर आजारी वडिलांना, शेजारच्या एकट्या काकूंना फक्त ‘औषध घेतलंत का’ एवढंच विचारू नका. त्यांच्याकडे काहीतरी मागा. एखादा सल्ला मागा, लोणच्याचं प्रमाण विचारा, मुलाचा अभ्यास घ्यायला सांगा. ‘तुमच्याशिवाय हे होणार नाही’ असं म्हणा आणि ते खरं करून दाखवा. आपल्याकडून अजून कुणाला काहीतरी हवं आहे, हे कळलं की उद्याची सकाळ उगवावी असं माणसाला वाटतं.