घरट्यापासून चार पावले दूर

(पक्षी सप्ताहानिमित्त एका सार्वजनिक ग्रंथालयात दिलेले भाषण)

ज्येष्ठ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर, तर थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. या निमित्ताने आपण मला बोलावले, याबद्दल मी आभारी आहे. मी पक्षिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि शासनाचा एक माहिती अधिकारी. तेव्हा आज मी शास्त्र सांगणार नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक आणि तिच्यातून मिळालेला धडा, एवढेच सांगणार आहे.

आमच्या शासकीय निवासस्थानाच्या सज्जावर मधुमालतीचा वेल चढलेला आहे. गेल्या चैत्रात त्या वेलात लालबुड्या बुलबुलांची एक जोडी काड्या आणि बारीक मुळ्या आणताना दिसली. काही दिवसांतच कोळ्याच्या जाळ्यांचे धागे गुंफलेले वाटीसारखे सुबक घरटे तयार झाले आणि त्यात तीन अंडी दिसू लागली. फिकट गुलाबी, त्यांवर तांबूस-जांभळे ठिपके. घरात जणू उत्सव सुरू झाला. शेजारी येऊ लागले, मुले खुर्चीवर चढून डोकावू लागली. छायाचित्र नीट यावे म्हणून मी घरट्यापुढची चार पाने खुडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकांत ऐकू आला. बाहेर जाऊन पाहतो तो घरटे रिकामे, आणि समोरच्या पन्हळीवर कावळा चोच पुसत बसलेला. मुलांनी दगड उचलले. माझ्याही मनात क्षणभर तेच आले. पण ती पाने कावळ्याने खुडली नव्हती.

मित्रहो, कावळ्याचीही वीण साधारण याच दिवसांत चालू असते. त्याच्या घरट्यातही चोची वासून बसलेली पिल्ले असतात. धामण अंडी गिळते, तशीच शेतातले उंदीरही फस्त करते. निसर्गाचा हा व्यवहार आपल्या जन्माआधीपासून चालत आलेला आहे आणि पक्ष्यांनीही आपल्या परीने त्यावर तोड काढलेली आहे. दाट पानांचा आडोसा, मुकाट्याने ये-जा, आणि एक वीण वाया गेली तर दुसरी. आपण पाने खुडतो, तेव्हा त्याच्या हातची ढालच काढून घेतो. आपण वारंवार जवळ जातो, तेव्हा भेदरलेले पक्षी ओरडू लागतात. मग घरटे कोठे आहे हे कावळ्याला शोधावे लागत नाही. पाहणाऱ्याचे प्रेम असे नकळत शिकाऱ्याच्या कामी येते.

मांजराची गोष्ट वेगळी आहे. ते आपल्या घरचे दूध पिऊन पोट भरलेले असते, तरीही पक्ष्यावर झडप घालते. कावळ्याला आपण आवरू शकत नाही. पाळलेल्या मांजराला मात्र आवरता येते आणि ती जबाबदारी आपली आहे.

वैशाखात वेलाच्या दुसऱ्या टोकाला, अधिक दाट पानांत, पुन्हा घरटे झाले. हे त्याच जोडीचे होते की दुसऱ्या, हे मी सांगू शकत नाही. या वेळी आम्ही घरात काही नियम केले. सज्जात कोणी जायचे नाही. खिडकीच्या पडद्याआडून, दुरूनच पाहायचे. शिळेपाके अन्न तिथे टाकायचे नाही, कारण त्यावर कावळे जमतात. वेलाची छाटणी पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलायची. शेजाऱ्यांनी त्यांचे मांजर पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत घरात ठेवण्याचे मान्य केले. माझ्या मुलीने एक वही घातली. त्यात तारीख, वेळ, आणि कोणत्या पक्ष्याने चोचीत काय आणले याची नोंद. सुमारे दोन आठवडे अंडी उबविण्यात गेली, आणि जवळजवळ तितकेच दिवस पिल्लांच्या भरण-पोषणात.

तीनपैकी दोन पिल्ले वाढली. एके सकाळी त्यांतले एक खाली कुंडीपाशी बसलेले दिसले. त्याला पिसे आली होती, पण उडता येत नव्हते. मुलगी उचलायला धावली. मी तिला थांबविले. बुलबुलाची पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच घरट्याबाहेर पडतात आणि आईबाप त्यांना बाहेरही भरवितात. असे पिल्लू फार तर जवळच्या झुडपावर ठेवावे. पिसे न फुटलेले पिल्लू पडले असेल, तर अलगद घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत खरी नाही.

आपल्याकडे कायदाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणेही येते. परंतु आपल्या सज्जात कायद्याचा पहारेकरी येऊन उभा राहणार नाही. तिथे आपला संयम हाच पहारा.

संध्याकाळपर्यंत कुंडीपाशी ते पिल्लू नव्हते. ते उडाले की कोणाच्या तोंडी पडले, हे आम्हांला कळले नाही. मुलीने वहीत तसेच लिहिले: ‘दिसले नाही.’ दुसरे मात्र चार दिवसांनी समोरच्या कडुनिंबावर आईबापांच्या मागे चोच वासून फिरताना दिसले.

आपल्या घरी पक्षी पाहुणे म्हणून आले, तर त्यांचे स्वागत चार पावले मागे सरून करावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.