फोनमध्ये जागा करताना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'जुन्या फोनमध्ये जागा कशी करावी' हा स्त्री-संघटनेच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा काय झाला, असं काहीजणींना वाटलं असेल. हुंडा, पोटगी, रेशन, रोजगार हमी, पाणी, हे आपले विषय. ते तर मोबाईलच्या दुकानदाराचं काम. पण जरा विचार करा. गेल्या काही वर्षांत आपल्या या सगळ्या विषयांची कागदपत्रं फोनमध्ये जाऊन बसली आहेत. बँकेत मजुरी जमा झाल्याचा संदेश फोनमध्ये, बचत गटाच्या हप्त्याची पावती फोनमध्ये, अंगावरच्या वळांचे फोटो फोनमध्ये आणि 'माहेरून पैसे आणले नाहीस तर बघ' ही धमकीही फोनमध्येच. एक दिवस पडद्यावर अक्षरं उमटतात : 'जागा शिल्लक नाही'. मग बाई घाबरून हाताला लागेल ते पुसून टाकते. कधी स्वतः पुसते, कधी भाच्याला सांगते. त्यात काय गेलं हे कळतं ते कोर्टाची तारीख लागल्यावर. म्हणून हा आपला विषय आहे.

आणखी एक कारण आहे. आपल्यापैकी बहुतेकींच्या हातात फोन येतो तो घरातल्या पंगतीच्या क्रमानं. नवा फोन आधी नवऱ्याला, मग मुलाला. त्यांचा वापरून झालेला, काच तडकलेला, बॅटरी उतरलेली, तो आपल्याला. तोही सगळ्याजणींना मिळतो असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या निघाल्या ५४ टक्के. उरलेल्या ४६ टक्क्यांना जुना फोनसुद्धा नव्हता. तेव्हा जागा अपुरी पडते ती आपल्याला 'फोनमधलं कळत नाही' म्हणून नव्हे. आपल्या वाट्याला येणारं यंत्रच तोकडं असतं.

कोठी आणि ओटा

फोनमध्ये दोन प्रकारची जागा असते. एक साठवणीची, ती म्हणजे घरातली कोठी. दुसरी कामाची, तिला रॅम म्हणतात. तो स्वयंपाकघरातला ओटा. कोठीतल्या पिशव्या काढल्या म्हणून ओटा मोठा होत नाही. फोटो पुसले तर साठवणीची जागा वाढेल, पण रॅम दोन जीबी असेल तर ती दोनच राहणार. कोठी अगदी गच्च भरली असेल तर ती मोकळी केल्यावर फोन थोडा हलका चालतो, हे खरं. पण जुना फोन त्यानं नवा होत नाही.

दुसरी गोष्ट. खोक्यावर '१६ जीबी' लिहिलेलं असलं तरी ते सगळे १६ आपले नसतात. फोन चालवणारी यंत्रणा आणि कंपनीनं आधीच भरून दिलेली ॲप्स त्यातला मोठा हिस्सा घेतात. शिवाय प्रत्येक ॲप अद्ययावत करताना फुगत जातं. म्हणजे तुम्ही काहीही नवीन घेतलं नाही तरी जागा कमी होत राहते.

आता कशाला किती जागा लागते ते पाहू. फोनवर काढलेला एक फोटो साधारण तीन ते पाच एमबीचा. एक मिनिटाची स्पष्ट चित्रफीत सुमारे १०० एमबीची. आणि लिहिलेला संदेश? त्याला जवळजवळ काहीच जागा लागत नाही. वर्षभराचे हजारो लेखी संदेश एका मिनिटाच्या चित्रफितीपुढे किरकोळ आहेत.

हे मनात पक्कं करा, कारण आपल्याकडे होतं नेमकं उलटं. सणाच्या शुभेच्छांच्या चित्रफिती राहतात आणि बाई 'जुने मेसेज' पुसते. नवऱ्याच्या, सासरच्यांच्या, मुकादमाच्या संदेशांची अख्खी यादी साफ करते. जागा मिळत नाही ती नाहीच, वर पुरावा जातो. जागेसाठी लेखी संदेश कधीही पुसायचे नाहीत, हा आजचा पहिला नियम.

आधी पुरावा, मग झाडलोट

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडीही हिंसेत धरली आहे. यातलं पुष्कळसं आता फोनवरच घडतं. म्हणून फोन साफ करण्याआधी प्रत्येकीनं स्वतःला विचारायचं : माझी, माझ्या बहिणीची, आपल्या केंद्रात आलेल्या बाईची कुठली तक्रार चालू आहे का? पुढे होण्याची शक्यता आहे का? असेल तर धमकीचे संदेश, आवाजी निरोप, कॉलचं रेकॉर्डिंग, जखमांचे फोटो, पैसे दिल्या-घेतल्याच्या नोंदी यांना हात लावायचा नाही.

'स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, मूळ पुसलं तर काय झालं?' असं पुष्कळजणी विचारतात. फरक पडतो, आणि मोठा पडतो. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे फोनमधल्या मजकुराची प्रत दाखल करताना सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या कायद्यात हीच तरतूद ६५ ब या कलमात होती. त्या कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२० चा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यातला आहे, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. त्यात न्यायालयानं म्हटलं की मजकूर ज्या यंत्रात मुळात साठवला गेला ते यंत्रच त्याच्या मालकानं साक्षीला उभं राहून हजर केलं आणि ते आपलं असल्याचं सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत द्यायची असेल तर मात्र प्रमाणपत्र लागतं.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. तो तडकलेला फोन हाच दस्तऐवज आहे. खटला चालू असताना तो विकायचा नाही, बदली देऊन नवा घ्यायचा नाही आणि दुकानात 'फॉरमॅट मारून' घ्यायचा नाही. प्रत जरूर करा, पेनड्राइव्हवर घ्या, विश्वासू मैत्रिणीकडे किंवा केंद्राच्या कुलुपात ठेवा. पण प्रत झाली म्हणून मूळ पुसू नका. बाकीचं, वकिलांना विचारून.

खातं कुणाचं?

जागेसाठी फोटो 'वर' पाठवण्याचा सल्ला सगळे देतात. 'वर' म्हणजे गूगलच्या खात्यात. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले, आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : फोनमधलं खातं कुणाचं आहे?

फोन नवऱ्याकडून आला असेल तर त्यात बहुधा त्याचंच खातं असतं. तुम्ही वळांचे फोटो काढून सुरक्षित म्हणून 'वर' पाठवता आणि ते त्याच्या नव्या फोनमध्ये उघडतात. म्हणून सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून नाव वाचा. फोटो ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवलं की तिथलंही खातं दिसतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहा. तुमचे निरोप आणखी कुठल्या यंत्रावर वाचले जात असतील तर तिथे कळेल.

मात्र दुसऱ्याचं खातं दिसलं की लगेच काढून टाकू नका. ते काढलं की त्याच्या लक्षात येऊ शकतं, आणि ज्या घरात मारहाण आहे तिथे याचा परिणाम काय होईल याचा आधी विचार करायला हवा. शिवाय त्या खात्यात साठवलेले फोन नंबरही खात्याबरोबर जातात. आधी नंबर वहीत उतरवा : माहेर, मैत्रीण, केंद्र आणि १८१ ही महिला हेल्पलाइन. मग सल्लामसलत करून पुढचं पाऊल. आपल्या खात्याचा पासवर्ड मुलाची जन्मतारीख ठेवू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

आता झाडू हातात घेऊ

पुरावा बाजूला ठेवला, खातं पाहिलं. आता क्रमानं चला.

पहिलं, सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडा आणि जागा कशानं खाल्ली आहे ते वाचा. वाचल्याशिवाय काही पुसू नका.

दुसरं, व्हॉट्सॲप. बहुतेकींच्या फोनमध्ये सगळ्यांत मोठा पसारा इथेच असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुष्कळदा पुढे ढकललेले निरोप वेगळे काढून दाखवलेले असतात. त्यातल्या एकेकीवर बोट ठेवून पाहा आणि नको त्या पुसा. मग तिथेच आपोआप उतरणाऱ्या फोटो-चित्रफितींची सोय बंद करा, म्हणजे पसारा पुन्हा साचणार नाही. हवी ती चित्रफीत बोट लावून उतरवता येते.

तिसरं, तुम्ही स्वतः काढलेली चित्रफीत गटावर टाकली की तिची आणखी एक प्रत व्हॉट्सॲपच्या 'सेंट' नावाच्या कप्प्यात राहते. मोर्चाची एकच चित्रफीत अशी दोनदा जागा घेते. ती प्रत काढता येते.

चौथं, 'डाउनलोड्स'चा कप्पा. एकच शासन निर्णय पाच वेळा उतरवलेला तिथे सापडेल.

पाचवं, न लागणारी ॲप्स. जी कंपनीनं भरलेली आहेत आणि निघतच नाहीत, ती 'डिसेबल' करता येतात.

सहावं, कचरापेटी. पुसलेले फोटो बहुतेक फोनमध्ये साधारण ३० दिवस कचरापेटीत पडून असतात आणि तोवर जागा अडवतात. ती रिकामी केल्यावरच जागा मिळते. पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा : कुणा बाईनं चुकून पुरावा पुसला असेल तर रडत बसण्याआधी ही पेटी उघडा.

काही धोक्याच्या जागाही सांगते. ॲपच्या माहितीत 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात. पहिलं निर्धोक आहे, त्यानं तात्पुरता साठा जातो. दुसऱ्यानं ॲपमधली माहितीच जाते. अंगणवाडीच्या किंवा आशाच्या ॲपमध्ये भरलेली, अजून वर न गेलेली माहितीसुद्धा. तसंच गूगल फोटोमध्ये वर पाठवलेला फोटो तिथून 'डिलीट' केला की तो फोनमधून आणि वरून, दोन्हीकडून जातो. फक्त फोनमधली प्रत काढायची तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' हे वेगळं बटण आहे. बॅकअप न घेता व्हॉट्सॲप काढून पुन्हा घालू नका. आणि 'एका बोटात फोन साफ' म्हणणारी ॲप्स घेऊ नका. ती स्वतः जागा घेतात, जाहिराती दाखवतात, आणि काय कचरा नि काय कामाचं हे तुमच्याऐवजी ती ठरवतात.

पण हे काम कुणाचं?

एवढं सांगून मी थांबले तर अर्धवट होईल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल गोळा करून सरकारला परत केले, हे तुम्हाला आठवत असेल. त्या फोनची रॅम दोन जीबी. पोषण ट्रॅकर हे नवं ॲप त्यात नीट चालेना, फोन तापायचा, मध्येच बंद पडायचा. ॲपची भाषा इंग्रजी. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. काम मात्र त्याच ॲपवर भरायचं.

त्या बायांना कुणी म्हणालं असतं, 'ताई, फोटो पुसा, जागा होईल', तर ती चेष्टा ठरली असती. कारण प्रश्न त्यांच्या फोटोंचा नव्हताच. ज्या यंत्रावर काम करायचं ते कामाला पुरेल असं असावं, ही कामगाराची मागणी होती. विळा बोथट असेल तर कापणारीला दोष देत नाहीत. आशा, सेविका, बचत गटाच्या सखी, यांना कामासाठी स्वतःचा फोन वापरायला लावतात तेव्हा तिच्या लेकराचे फोटो पुसून सरकारच्या ॲपला जागा करायची, असा त्याचा अर्थ होतो. याला आपण नाही म्हटलं पाहिजे. आज शिकलेली कामं हातात असू द्या. पण ती यंत्राच्या मागणीला पर्याय नाहीत.

शेवटी एक ठराव सुचवते. प्रत्येक गटानं महिन्याच्या बैठकीतला एक तास फोनसाठी ठेवावा. फोन जिचा तिच्याच हातात राहील, दुसरीनं फक्त शेजारी बसून सांगायचं. कुणाचा निरोप ठेवायचा आणि कुणाचा पुसायचा, हे बोट तिचं असलं पाहिजे. आणि केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला आपण अर्ज लिहून घेण्याआधी एवढं विचारावं : 'फोनमधलं काही पुसलं नाहीस ना?'

एवढं बोलून मी थांबते. आता आपापले फोन काढा, सेटिंग्ज उघडा आणि आधी 'अकाउंट्स' वाचा.