अळूच्या कुळातली वेल



हल्ली गावोगावी ओसरीत एक वेल दिसते. हिरवी पाने, त्यांवर पिवळसर पट्टे. लोक तिला मनी प्लांट म्हणतात. चोरून आणली की घरात पैसा येतो, असा समज आहे. आम्ही म्हणतो, चोरता कशाला? मागून आणा. वेल पैसा देत नाही. पण तिची रीत समजली नाही, तर ती घरात आजार मात्र आणू शकते.

ही वेल अळूच्या कुळातली. अळूला आपल्याकडे कुणी चमकोरा म्हणतात, कुणी धोपा. सुरणही त्याच कुळातला. हिचे मूळ घर फार दूर, पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावर. आपल्या सह्याद्रीच्या दमट रानातही या कुळातली एक वेल झाडांवर चढते. तिला गणेशकंद म्हणतात. अशा वेलींना दमट हवा, सावली आणि चढायला आधार लागतो. आपला वर्धा जिल्हा पडला उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून वेलीला जपावे लागते.

लावायची कशी? ऊस लावताना आपण कांडीवरचा डोळा पाहतो ना? तसेच इथे. या वेलीला बी क्वचितच धरते. पान जिथे फुटते, तिथे पेर असते. पेरासकट तुकडा घ्या. नुसते पान लावले तर वेल होत नाही. बाजारात रोप विकत घेतानाही हे पाहा. पावसाळ्यात लावलेला तुकडा लवकर जीव धरतो.

आपली काळी माती चिकट. तिच्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात. म्हणून एक भाग माती, एक भाग रेती आणि एक भाग कुजलेले शेणखत घ्या. कुंडीच्या बुडाला भोक ठेवा. मातीत बोट घालून पाहा. वरची माती कोरडी लागली, तरच पाणी द्या. हिवाळ्यात पाणी कमी करा. पश्चिमेचे ऊन लागू देऊ नका. कुंडीत बांबू रोवा, त्याला गोणपाट गुंडाळा आणि ते ओले ठेवा. वेल मुळांनी त्याला धरून चढते. चढली की पाने मोठी होतात. झाडावर चढवली तरी ती बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाही.

आता जपण्याच्या दोन गोष्टी.

पहिली गोष्ट. अळू कच्चे खाल्ले तर घसा खाजतो. त्यात सुईसारखे बारीक कण असतात. या वेलीतही तेच असतात. अळू आपण चिंच घालून शिजवतो. ही वेल मात्र खायची नाही, शिजवूनही नाही. लहान मूल आणि शेळी यांच्यापासून ती दूर ठेवा. मुलाने पान चावले, तर तोंड पुसा, घोट घोट पाणी पाजा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. ओकारी काढू नका.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पुष्कळ लोक ही वेल बाटलीत, नुसत्या पाण्यात ठेवतात. पाणी महिनोन्‌महिने तसेच राहते. डेंग्यूचा डास घाण पाणी शोधत नाही. त्याला असे साठलेले स्वच्छ पाणीच आवडते. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी बाटलीतले पाणी मातीवर ओता. बाटली आतून घासा, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. मग ताजे पाणी भरा. कुंडीखालची थाळी आणि रांजण यांचेही तेच करा. सगळ्यात चांगले म्हणजे वेल मातीतच लावा.

वेल वाढली की शेजाऱ्याने मागण्याआधी त्याला दोन पेरे द्या. देताना या दोन्ही गोष्टी सांगा. आणि आज घरी गेल्यावर आधी बाटलीतले पाणी पाहा. त्यात काही वळवळताना दिसले, तर उद्यावर टाकू नका.