पार्षदांकडे कधी जावे?

महाराष्ट्रात ज्यांना नगरसेवक म्हणतात, ते आपल्या बालाघाटात पार्षद. मंडपाच्या दिव्यांसाठी आपण त्यांच्याकडे वेळेवर जातो. घराच्या अन् नालीच्या कामासाठी मात्र बहुधा उशिरा.

प्रधानमंत्री आवास योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला आपल्या राज्यात अडीच लाख मिळतात. दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे. पण जागेचा कागद हवा. ज्याच्याकडे तो नाही, तो पहिल्याच पायरीवर अडतो. शासकीय जागेवर राहणाऱ्या शहरी भूमिहीनांसाठी मध्य प्रदेशात १९८४ चा पट्ट्याचा कायदा आहे. वॉर्डातली पात्र कुटुंबे शोधून त्यांचे अर्ज पुढे रेटणे, हे पार्षदांचे खरे काम. फिती नंतर कापाव्यात!

शिवाय या अनुदानातून भिंती उभ्या राहतात, दारासमोरची नाली नाही. तिच्यासाठी नगरपालिकेच्या बजेटमध्ये तरतूद लागते, आणि ते बजेट १ एप्रिलपासून लागू होते. म्हणून मागणी दिवाळीनंतर लगेच, लेखी गेली पाहिजे. यंदा आपण मंडळातर्फे वॉर्डवार यादी करू या. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ज्या बाईंचे छप्पर पावसात गळते, त्यांना विचारून त्यांचे नाव आधी द्यावे.