भुईमूग : गुण आणि सावधगिरी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



दाण्याच्या कुटाचा डबा नाही असे घर आपल्या पुण्यात विरळाच. एकादशीची खिचडी, वऱ्याच्या तांदळाबरोबरची आमटी, कोशिंबीर, लाडू, सर्वत्र त्याचा संचार. आपल्या उपवासाला चालणारा हा दाणा मूळचा मात्र दक्षिण अमेरिकेतील, हे नवल होय.

शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि ४५ ग्रॅमांहून अधिक स्निग्धांश असतो. त्या प्रथिनांत लायसीन कमी असते. ती उणीव डाळ व दूध भरून काढतात. तेव्हा शाळेतून आलेल्या मुलाच्या हाती गूळदाणे देणारी आजी आहारशास्त्र न शिकताही शहाणीच होती.

शेतातही हे पीक उपकारक आहे. त्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीसाठी अमेरिकेत कार्व्हर यांनी भुईमुगाचा पुरस्कार केला. श्रीमती वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकाने ती कथा घरोघर पोहोचविली. भुईमुगाचे फूल जमिनीवर उमलते, परंतु त्याची आरी मातीत शिरते आणि तेथे शेंग धरते. म्हणून जमीन भुसभुशीत हवी, आणि आऱ्या सुटल्यावर कोळपणी करू नये.

आता मुख्य गोष्ट. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. कारण निघाले त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याची पेंड. दमट दाण्यावर वाढणाऱ्या एका बुरशीचे ते विष होते. त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृतास घातक असून कर्करोगकारकही आहे, आणि दाणे भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही.

अन्न टाकू नये, हा आपला संस्कार थोर आहे. त्यापायीच आपण काळपट, बुरसलेले दाणेही कुटात मिसळतो, किंवा निवडून काढलेले गाईपुढे ठेवतो. परंतु गाईच्या पोटात गेलेल्या त्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध कोणाचे तरी मूल पिते. बुरसलेला दाणा अन्न नव्हेच. तो टाकण्यात पाप नाही.

भगिनींनो, दाणे उन्हात खडखडीत वाळवा, हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात थोडेथोडेच आणा आणि कूट करण्यापूर्वी निवडा. आपल्या घरातील मुलाइतकीच दुसऱ्याच्या घरातील मुलाची काळजी वाहणे, हाच खरा ज्ञातिधर्म आणि मानवधर्मही.