उंच माणसाचे कपडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका भगिनीने मला सहज विचारले, "तुमच्या घरातले पुरुष एवढे ताडमाड, मग त्यांच्या पँटी आखूड कशा होत नाहीत?" तेवढ्यावरून चिटणीसबाईंनी माझे नाव आजच्या कार्यक्रमात घालून टाकले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार माणसांत उभे राहून बोलण्याची सवय नाही. परंतु घरचे धुणे चोवीस वर्षे केले आहे आणि त्यात चुकाही पुष्कळ केल्या आहेत. त्या ऐकून कोणाचा एखादा सदरा वाचला तर वाचला, म्हणून उभी आहे.

आमचे हे सहा फूट दोन इंच. थोरला मुलगा त्यांच्याहून इंचभर जास्त. जुन्या घराची चौकट दोघांच्याही कपाळाला पाठ आहे. पाहुणे कौतुक करतात, पण कपड्याच्या दुकानात गेले की त्या उंचीची किंमत कळते. तयार शर्ट छातीच्या मापावर निघतो. छातीला बसतो तो मनगटापर्यंत पोचत नाही, आणि मनगटापर्यंत पोचतो तो पोटावर झोळीसारखा लोंबतो. उंच मुलगा बाह्या कोपरापर्यंत दुमडून हिंडतो तेव्हा लोकांना ती ऐट वाटते. बहुतेक वेळा बाही पुरलेली नसते, दुसरे काही नाही. म्हणून आम्ही कापड घेऊन शिवून घेतो, आणि शिवलेला कपडा पहिल्या धुण्यात आटला की कापड, शिलाई व मनाची हौस सारेच पाण्यात जाते.

कापड आटते का, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी समजले. मागावर उभे सूत, म्हणजे ताणा, घट्ट ओढून बांधलेला असतो. आडवा बाणा त्यातून जातो. पुढे धुऊन, रंगवून, इस्त्री करून कापड गुंडाळतात तेव्हाही ते लांबीतच ओढले जाते. आपल्या शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. हातमाग असो की यंत्रमाग, ताण दिल्याशिवाय विणकाम होत नाही. ते कापड पाण्यात पडले की सूत फुगते आणि ओढलेले अंग सैल सोडते. म्हणून कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. लांबीचीच ज्याला ओढ, त्याच्याच लांबीवर घाला!

मुलाने एकदा मला हिशेब मांडून दाखवला. कोरे कापड शेकडा पाच आटले, तर चव्वेचाळीस इंची पँट दोन इंचांहून थोडी जास्त जाते आणि अडतीस इंची पँट दोनाला थोडी कमी. म्हणजे फरक जेमतेम पाव-अर्ध्या इंचाचा. मी म्हटले, मग आमचेच रडगाणे का? तर कारण असे की, ठेंगण्या माणसाची पँट मुळात टाचेखाली लोळत असते. ती आटली तर एका परीने बरेच, कापून घेण्याची मेहनत वाचते. उंच माणसाच्या पँटीत आधीच शिल्लक काही नसते.

यावर गिरणीवाल्यांनीही उपाय काढलेला आहे. अमेरिकेतील सॅनफोर्ड क्लूएट नावाच्या गृहस्थाने 1930 च्या सुमारास अशी रीत बसवली, की कापड दमट करून एका जाड पट्ट्याबरोबर दाबून लांबीत आधीच आखडून घ्यायचे. मग घरी धुताना ते शेकडा एकाच्या आतच आटते. त्याच्या नावावरून 'सॅनफोराइज्ड' हा शब्द आला. पूर्वी कापडाच्या काठावर तो छाप असे. आमच्या सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू) चष्मा लावून तो छाप शोधायच्या आणि दिसला नाही तर दुकानदाराला म्हणायच्या, "मग दीड वीत जास्त फाड."

आत्याबाईंना ही अक्कल खादीने शिकवली. त्यांच्या सासऱ्यांचे सारे कपडे खादीचे. हाताने कातलेले सूत, त्याची वीण मोकळी, आणि त्यामुळे आटणेही फार. नवी खादी आणली की आत्याबाई घडी न मोडता ती रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवत. सकाळी पिळायची नाही, नुसते पाणी निथळू द्यायचे. मग सावलीत दोरीवर काठ सरळ धरून वाळत घालायची. हेच दोनदा करायचे आणि मगच कापड शिंप्याकडे. आजही कोऱ्या सुती कापडासाठी यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. अस्तर, कॉलरच्या आतले कापड, कमरपट्टीचे कापड हेही त्याच बादलीत टाकावे. नाहीतर वरचे आटत नाही, आतले आटते आणि कॉलरला सुरकुत्या पडतात.

आणि शिंप्याला एक गोष्ट निक्षून सांगावी, की माया सोडा. पँटीच्या खाली आत दोन-अडीच इंच दुमड, बाहीच्या टोकाशी इंचभर. पन्हा मोठा असेल तर त्याचे कापड फारसे वाढत नाही. शिंपी कुरकुरतो, कारण जाड दुमड नीट बसत नाही म्हणे. कुरकुरू द्यावे.

एवढे सगळे माहीत असून मी काय केले ते ऐका. थोरल्याला पुण्याला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले. हातात चार दिवस. राखी रंगाचे सुती कापड घाईने आणले, न भिजवता शिवायला टाकले. पँट आली, अंगाला इतकी छान बसली की मी दृष्ट काढली. कोऱ्या कापडाला खळीचा वास येत होता, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी ती धुतली. धुतली ती गरम पाण्यात! आणि पाऊस होता म्हणून ओलसर असतानाच कडक इस्त्रीने वाळवली. रात्री त्याने घालून पाहिली तर घोटा उघडा. मुलगा म्हणाला, "आई, राहू दे, खुर्चीवर बसल्यावर कोण बघतंय." पण बसल्यावर तर ती आणखी वर चढते!

नशिबाने दीड इंच माया होती. रात्री बारापर्यंत मी दुमड उसवली, खाली दुसऱ्या कापडाची पातळ पट्टी लावली आणि हाताने टीप घातली. जुन्या दुमडीची रेघ राहिली होती. पाण्यात थोडा व्हिनेगर घालून फडके ओले करून त्यावरून इस्त्री फिरवली, तेव्हा रेघ पुष्कळ गेली. पुष्कळ म्हणजे सगळी नव्हे. ती नोकरी त्याला मिळाली नाही. पँटीमुळे नाही मिळाली असे मी म्हणत नाही, तोही म्हणत नाही. पण तो परत आल्यावर म्हणाला, "सगळा वेळ माझं लक्ष पायाकडं होतं." पुढे दुसरीकडे लागला. तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आता रोजच्या धुण्याविषयी. सुती कपड्याला थंड पाणी पुरे. गरम पाण्याची गरज मळकट चादरींना, शर्ट-पँटला नव्हे. यंत्र असेल तर तीस अंशांच्या वर जाऊ नये. यंत्रात पाणी काढायला कपडा गरगर फिरतो त्याने फार आटत नाही. आटतो तो गरम हवेत उलटापालटा करून वाळवणाऱ्या यंत्रात. शहरात पोराबाळांकडे ते यंत्र असेल तर उंच माणसाचा सुती कपडा त्यात कधी घालू नका.

खरे काम वाळत घालताना असते. कपडा ओला असतानाच शिवणी दोन्ही हातांनी हळूहळू लांबीत ओढून सरळ कराव्यात. बगलेपासून मनगटापर्यंतची शिवण, बटणपट्टी, पँटीच्या आतली-बाहेरची शिवण, सगळ्या. कारण शिवणीचा दोराही आखडतो आणि कापडाला गोळा करतो. पँट उलटी टांगावी, म्हणजे खालच्या टोकांना चिमटे आणि कंबर जमिनीकडे. ओल्या कमरपट्टीच्या वजनाने पाय आपोआप ताणले जातात. आमच्या धाकट्या जाऊबाई पहिल्यांदा हे पाहून हसल्या होत्या. आता त्यांच्याही दोरीवर पँटी शीर्षासन करतात.

इस्त्री थोडी ओल असताना करावी आणि उभ्या सुताच्या दिशेने फिरवावी. मात्र इस्त्रीने ओढून मिळालेली लांबी पुढच्या धुण्यात परत जाते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. बनियन आणि टी-शर्ट यांचे तंत्र वेगळे. त्यांची वीण फासांची असते. त्या धुतल्यावर आखूड होतात आणि आडव्या पसरतात. उंच माणसाचा बनियन म्हणून कमरेतून बाहेर येतो. तो दोरीवर न घालता खाटेवर सपाट पसरून लांबीत ओढून ठेवावा. टेरिकॉट, पॉलिस्टर फारसे आटत नाही, तिथे भीती फक्त तापलेल्या इस्त्रीची.

आता लोकर. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीतली गोष्ट. आत्याबाईंनी यांच्यासाठी स्वतः विणलेले एक स्वेटर होते. मापाचे बाजारात मिळत नाही म्हणून दोन हिवाळे बसून विणलेले, बाह्या मुद्दाम लांब. मी नवी सून, काम दाखवायची हौस! ते मी कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवले आणि दगडावर चोळले. बाहेर निघाले ते दहा वर्षांच्या पोराच्या मापाचे आणि पुठ्ठ्यासारखे जाड. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि घासणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. बुरणूस मुद्दाम असाच करतात, न विणता, लोकर दाबून. मी विणलेल्या स्वेटराचा बुरणूस केला होता.

मी न्हाणीघरात रडत बसले. आत्याबाई आल्या, स्वेटर हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "नणंदेच्या पोराला होईल." एवढेच. रागावल्या नाहीत, पण त्यानंतर लोकर धुवायची असली की मला जवळ बसवून घेत. कोमट, हाताला गरम न लागणारे पाणी. रिठ्याचा फेस, सोडा नाही. चोळायचे नाही, दाबायचे. धुण्याआधी स्वेटर कागदावर ठेवून पेन्सिलने त्याची कड आखून घ्यायची. धुतल्यावर टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचे आणि त्याच कागदाच्या मापात ओढून सावलीत सपाट वाळवायचे. थोडे आखडलेले असेल तर या रीतीने जागेवर येते. माझ्यासारखे बुरणूस झाले असेल तर येत नाही, कोणी काही सांगो.

नणंदेच्या मुलाने ते दोन वर्षे घातले आणि परत पाठवले. आत्याबाई जाऊन सहा वर्षे झाली. ते स्वेटर मी आज पिशवीतून आणले आहे, आणि त्याच्याशेजारी आत्याबाईंनी नंतर विणलेले, त्यांच्या रीतीने धुतलेले, यांचे दुसरे. दोन्ही पुढच्या सतरंजीवर ठेवते. चहाच्या वेळी हात लावून पाहा.