पऱ्हाटी म्हणजे कचरा नव्हे

मी सॉफ्टवेअरवाला, पण पेलेटचं तंत्र मला पटतं. पऱ्हाटी, तुराट्या, सॉ मिलचा भुसा बारीक करायचा, ओलावा १०-१२ टक्क्यांवर आणायचा आणि डायच्या छिद्रांतून जोरात दाबायचा. उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं, तेच चिकटवतं. वेगळा डिंक लागत नाही. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात ५ टक्के बायोमास मिसळावा, असं केंद्राचं धोरण २०२१ मध्ये आलं. म्हणजे गिऱ्हाईक आहे.

पण विदर्भात याच पऱ्हाटीवर भूमिहीन मजूर बायकांची चूल पेटते. सिलिंडर दर वेळी भरणं परवडत नाही. कारखान्याची ट्रॉली आली की त्यांचं जळण जातं, आणि पैसे शेतमालकाला. म्हणून सौदा ग्रामसभेत करा. शेतकऱ्याच्या भावाबरोबर या बायकांचा वाटाही तिथेच ठरवा, ट्रॉली भरण्याआधी.